चष्मा माणसाला लावा, रायफलीला नको

थेट मुद्द्यावर येते. जुनी लष्करी रायफल हौसेने विकत घ्यायची आणि मग "नीट दिसत नाही" म्हणून तिच्या पोलादाला ड्रिलने भोकं पाडून वर दुर्बीण बसवायची, हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. दिसत नसेल तर दोष डोळ्याचा असतो किंवा शिक्षणाचा. त्याची शिक्षा ऐंशी वर्षांच्या रायफलीला कशाला?

आता नेहमीच्या वाचकांना वाटेल, बाई आज कुठे घसरल्या! शुद्धलेखन, आमसुलाचं सार आणि जुन्या विद्यार्थिनींच्या आठवणी सोडून हे काय मध्येच? सांगते. आमचा एक भाचा अमेरिकेत ओहायोत असतो. वय बावन्न. गेल्या वर्षी त्याने एक ली-एनफील्ड नंबर ४ रायफल घेतली. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. घरात "थ्री-नॉट-थ्री" हा शब्द आम्ही मुलांनी बाराखडीबरोबर शिकला. आपल्याकडे सामान्य नागरिकाला हे बोअर ठेवायला बंदी आहे, तिकडे रीतसर घेता येतं. आजोबांची आठवण म्हणून त्याने घेतली, यात मला आनंदच आहे. पण आता साहेब म्हणतात, "आत्या, गोळ्या कुठेही जातात. गन्समिथकडे देतो, चार भोकं पाडून स्कोप बसवून घेतो." घरच्या मंडळींनीही "बसव की, त्यात काय एवढं" म्हणून माना डोलावल्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

"तुला काय कळतं त्यातलं" असं कोणी म्हणायच्या आत सांगून टाकते. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला हे खरं. पण त्याच शाळेत एकवीस वर्षं मुलींची एन.सी.सी.ही मीच सांभाळली. त्यासाठी ग्वाल्हेरला जाऊन ट्रेनिंग घेतलं, नऊवारी नेसणाऱ्या सासूबाईंच्या घरातून खाकी घालून बाहेर पडले. पॉइंट टू-टू रायफलीवर किती मुलींना नेम धरायला शिकवलं याचा हिशेब नाही. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा अधिकार मी कमावलेला आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडा पाठ घेते.

रायफलीवर नेम धरायची साधी सोय म्हणजे दोन खुणा. नळीच्या टोकावर पुढची, तिला जुने लोक माशी म्हणत, आणि डोळ्याच्या बाजूला मागची. मागची खूण दोन प्रकारची असते. एक म्हणजे खाच. आपल्या पोलिसांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या दिसलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीवर ती असे. खाच, माशी आणि टार्गेट या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. चाळिशीनंतर तर आणखीच पंचाईत. दुसरा प्रकार म्हणजे छिद्र, ज्याला पीप साईट म्हणतात. डोळ्याजवळ एक बारीक गोल भोक. त्याच्याकडे बघायचं नसतं, त्याच्यातून बघायचं असतं. गोलाच्या मधोमध माशी आणायचं काम डोळा न सांगता करतो. आपण फक्त माशीवर नजर ठेवायची. तीन गोष्टींच्या दोनच उरतात.

आणि खरी गंमत पुढे आहे. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतं. पटत नसेल तर आत्ताच एक पोस्टकार्ड घ्या, जाड सुईने भोक पाडा, चष्मा काढा आणि भरपूर उजेडात त्या भोकातून वर्तमानपत्र वाचून बघा. अक्षरं थोडी अंधारी पण स्पष्ट दिसतील. डोळ्यांचे डॉक्टर एक काळी, बारीक भोकांची पट्टी डोळ्यापुढे धरून "आता वाचा" म्हणतात ना, ती हीच युक्ती. भोकातून नीट दिसलं तर बहुधा नंबरचा प्रश्न आहे, असं त्यांना कळतं. म्हणजे बघा, ज्या म्हाताऱ्या डोळ्यांचं निमित्त करून लोक पीप साईट काढून टाकतात, त्याच डोळ्यांना मदत करायचा गुण तिच्यात आहे! माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. सुईच्या भोकातून मी आजही पेपरातली बारीक अक्षरं वाचते.

आता भाच्याच्या रायफलीकडे वळू. नंबर ४ ही ब्रिटिशांनी जुन्या नंबर १ मधल्या उणिवा काढून केलेली रायफल. सगळ्यांत मोठी सुधारणा कुठली, तर नळीवरची खाच काढून मागे, थेट डोळ्याजवळ छिद्राची साईट आणली. त्यामुळे दोन खुणांमधलं अंतर सुमारे साडेएकोणीस इंचांवरून जवळजवळ एकोणतीस इंच झालं. मी बी.ए., गणिताची बाई नव्हे, पण त्रैराशिक मला येतं. नेम धरताना पाव मिलिमीटरची चूक झाली, तर शंभर यार्डांवर जुन्या रायफलीची गोळी सुमारे साडेचार सेंटिमीटर भरकटेल आणि नंबर ४ ची तीनच. एका पैशाची काच न लावता केलेली ही सुधारणा. ज्यांनी एवढा विचार करून ती साईट बसवली, त्यांची अक्कल आपण पहिल्याच रविवारी काढायची?

भाच्याची तक्रार अशी की शंभर यार्डांवर गोळ्या वितीएवढ्या वर लागतात. मी विचारलं, साईट कुठली आहे? फोटो आला. युद्धाच्या धांदलीत घाऊक तयार झालेली, दोन छिद्रांची, उलटवायची साधी साईट. एक छिद्र ३०० यार्डांसाठी, दुसरं ६०० यार्डांसाठी. अरे, तीनशेची साईट लावून शंभरावर गोळी झाडलीस तर ती वरच लागणार! रायफल बिचारी तिला सांगितलेलं काम चोख करते आहे. शाळेत "प्रश्न नीट वाचा" म्हणून घसा फोडला तो काही उगीच नाही.

यावर उपाय आहेत, आणि एकालाही ड्रिल लागत नाही. पहिला उपाय पुढची माशी बदलण्याचा. या रायफलीसाठी वेगवेगळ्या उंचीच्या माशा तयारच केलेल्या होत्या. उंच माशी बसवली की गोळी खाली येते. दुसरा उपाय, मागची साईट बदलण्याचा. नंबर ४ साठीच केलेली, स्क्रूने वरखाली होणारी साईट असते. तिच्यावर २०० पासून १३०० यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असतात. एक पिन काढायची, जुनी उतरवायची, नवी चढवायची. जुनी डबीत घालून ठेवायची, म्हणजे पुढच्या मालकाला परत लावता येईल. तिसरा उपाय हौशी नेमबाजांचा. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीच्या जुन्या टार्गेट साईट्स मिळतात. त्यांना डावं-उजवंही बारीक फिरवता येतं.

आणि चौथा उपाय, जो खरं तर पहिला करायला हवा. डोळे तपासून घे. भाचेबुवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून नेम धरतात. मान वाकवून गाल दस्त्यावर टेकवला की नजर जाते काचेच्या वरच्या कोपऱ्यातून, जिथून माशी धूसरच दिसणार. तिकडचे अनुभवी नेमबाज काय करतात, तर लांबच्या नंबरात साधारण अर्धा नंबर अधिक घालून नेमबाजीपुरता साधा, एकाच नंबराचा चष्मा करून घेतात. मग माशी रेखीव आणि टार्गेट किंचित धूसर दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं. टार्गेट किंचित धूसर दिसलं तरी नेम लागतो, माशी धूसर झाली की नाही लागत. हे वाक्य मी मुलींना वहीत दहादा लिहायला लावत असे.

आता दुर्बीणवाल्यांचे मुद्दे घेते. टाळणार नाही.

पहिला मुद्दा, दुर्बिणीने नेम अचूक होतो. दुर्बिणीने *दिसणं* अचूक होतं, हे मान्य. टार्गेट मोठं दिसतं, काचेतली रेघ आणि टार्गेट एकाच प्रतलात येतात, डोळ्याचे कष्ट वाचतात. पण नळी तीच राहते. युद्धकाळातली, कित्येक हातांतून गेलेली लष्करी रायफल चांगल्या काडतुसांवर शंभर यार्डांत तीन-चार इंचांचा ग्रुप देत असेल, तर दुर्बीण लावून ती एक इंचाची होत नाही. फक्त तीन इंच कुठे पसरले ते ठळक दिसतं. वर आपल्या हाताची थरथरही चौपट दिसते. नवशिका ती थरथर बघून घाबरतो आणि रेघ मध्यावर आली रे आली की चाप खसकन ओढतो. गाईड वाचून पास होणाऱ्या मुलासारखं आहे हे. उत्तर समोर दिसतं, पण ते आलं कसं ते कळत नाही.

आणि छिद्रातून अचूकता येत नाही असं कोण म्हणतं? दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनाच्या टोकाएवढा. त्याच्यावर अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद आणलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. तिथला दहाचा ठिपका एक सेंटिमीटरच्या जरा वर. या तिघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती. या प्रकारांत ती चालतच नाही! छिद्रच होतं. इंग्लंडात बिस्लीच्या मैदानावर तर पिढ्यान्‌पिढ्या हजार यार्डांवर छिद्राच्या साईटने स्पर्धा झाल्या. तेव्हा "छिद्रातून काय दिसणार" हे वाक्य निदान कोल्हापूरकरांच्या देखत उच्चारू नये.

दुसरा मुद्दा भाच्याने मोठ्या ऐटीत टाकला. "आत्या, इथल्या सर्व्हिस रायफल स्पर्धांतसुद्धा २०१६ पासून स्कोप चालतो." बरोबर आहे. साडेचार पटींपर्यंतचा चालतो. पण ती आताच्या बनावटीच्या रायफलींची गोष्ट. त्यांच्यावर दुर्बीण बसवायची पट्टी कारखान्यातूनच येते, भोक पाडावं लागत नाही. तुझ्याच ओहायोत, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथे जुन्या लष्करी रायफलींसाठी वेगळा सामना असतो, दोनशे यार्डांवर. त्यात रायफल जशी लष्कराला दिली गेली तशीच लागते, साईटसकट. म्हणजे भोकं पाडून घेतलीस की ज्या एका मैदानावर तुझ्या रायफलीला मानाने उतरता आलं असतं, तिथलंच दार तू बंद करणार.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे. "ब्रिटिशांनी स्वतःच नंबर ४ वर दुर्बिणी बसवल्या होत्या की!" हो, बसवल्या होत्या. नंबर ४ (टी) नावाची स्नायपरची रायफल, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामांकित बंदूकवाल्यांनी हजारोंनी तयार केली. पण कशी तयार केली ते वाच. आधी अचूक ठरलेल्या रायफली निवडून काढल्या. प्रत्येकीला तिची अशी दुर्बीण जुळवली, आणि त्या दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या लाकडावर ठोकला, म्हणजे जोडी तुटायला नको. दुर्बीण उंच बसते, गाल टेकायला आधार राहत नाही, म्हणून दस्त्यावर लाकडाची उशी बसवली. आणि एवढं सगळं करून मागची छिद्राची साईट ठेवलीच! मोठं छिद्र दुर्बिणीच्या आड येत होतं तेवढं घासून काढलं, बाकी पट्टी जागेवर. दुर्बीण बसवणाऱ्यांचाही विश्वास शेवटी छिद्रावर होता. याची तुलना कोपऱ्यावरच्या गन्समिथने अर्ध्या तासात मारलेल्या चार भोकांशी करायची? खरी नंबर ४ (टी) कोणाकडे असेल तर तिची दुर्बीण काढा असं मी मुळीच म्हणणार नाही. तिची दुर्बीण हाच तिचा इतिहास आहे.

भोक न पाडता बसणारे माउंट मिळतात, त्यांना माझा विरोध अर्धाच. उद्या उतरवता येतात. पण त्यासाठी मागची साईट काढावी लागते, मान उंच करून हनुवटी टेकवत नेम धरावा लागतो, आणि पाच काडतुसांची क्लिप वरून सरकवायची सोय जाते. एकेक काडतूस बोटाने भरत बसा.

चौथा मुद्दा शिकारीचा. इथे मी दुर्बिणीच्या बाजूने आहे. जिवंत प्राण्यावर गोळी झाडणाऱ्याने त्याला तडफडत ठेवू नये, आणि संधिप्रकाशात छिद्रातून अंधार दिसतो, हे खरं. पण भाचा शिकारी नाही. शिवाय ओहायोत हरणाच्या शिकारीला असल्या काडतुसाची परवानगीच नाही, हे त्यानेच मला सांगितलं. मग कागदाला कसली दया दाखवायची आहे? ज्यांच्या डोळ्याचा पडदाच खराब झाला आहे त्यांनीही खुशाल दुर्बीण लावावी. आणि आधीच्या कोणी भोकं पाडून ठेवलेली रायफल मिळाली, तर तिच्यावर हवी ती काच चढवा. तिचं जे जायचं ते गेलेलंच आहे.

शेवटचा मुद्दा, "माझी रायफल आहे, मी काहीही करीन." कायद्याने बरोबर. पण हीच भाषा मी आपल्याकडेही ऐकली आहे. गावातल्या काळ्या दगडी देवळाला निळा-गुलाबी ऑईलपेंट फासताना ऐकली. वाड्याचे कोरीव सागवानी खांब कापून तिथे लोखंडी शटर बसवताना ऐकली. प्रत्येकाला वाटतं आपण सुधारणा करतो आहोत. देवळाचा रंग निदान खरवडता तरी येतो, पोलादात पाडलेलं भोक कसं बुजवणार?

भाच्याच्या रायफलीवर डाव्या अंगाला "यू.एस. प्रॉपर्टी" असा शिक्का आहे. नंबर ४ ब्रिटिशांची, मग हा शिक्का कसा? १९४१ साली लेंड-लीज कायदा झाला, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स गावात सॅव्हेज कंपनीने ब्रिटिशांसाठी अशा दहा लाखांहून जास्त रायफली बनवल्या. अमेरिकेची मालमत्ता, उसनी दिलेली, म्हणून तो शिक्का. म्हणजे ही रायफल एका देशात जन्मली, दुसऱ्याच्या लढाईला गेली आणि आता साताऱ्याच्या सैनिकाच्या नातवाकडे आली. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण पाठ्यपुस्तकातला लेंड-लीजचा परिच्छेद असा हातात घेता आला नव्हता. तो ज्या पोलादावर लिहिलेला आहे, नेमकं तिथेच ड्रिल चालवायचं, फक्त दोन रविवार गोळ्या वर लागल्या म्हणून?

तर भाच्या, आत्याचा गृहपाठ लिहून घे. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि नेमबाजीचा चष्मा कर. मग माशी बदल किंवा आकड्यांची साईट चढव. मग दोनशे काडतुसं शांतपणे, माशीवर नजर ठेवून, श्वास सांभाळून, चाप हळू दाबत झाड. घाई नको, एका दिवसात तर नकोच. एवढं करूनही तुला काचेतूनच बघायचं असेल, तर एखादी नवी रायफल घे, तिच्यावर लागेल तेवढी मोठी दुर्बीण चढव, माझी काही हरकत नाही.

तुझ्या आजोबांना कोणी दुर्बीण दिली नव्हती. त्यांनी जे होतं त्यातून बघायला शिकून घेतलं. तुला त्यांची आठवण हवी आहे ना? मग ती त्या शिकण्यात आहे. भिंतीवर टांगायला तर लाकडाची नकली रायफलही मिळते.